घडी आणि काटकोन

काशीस मानमंदिर घाटाच्या पायऱ्यांवर एका मुलाला कागदाची होडी शिकवावयास आम्ही बसलो आणि पहिल्याच घडीला अडलो. हाती होता तो शेंगदाण्याच्या पुडीचा फाटका कागद. त्याला धड कडा नव्हती की कोपरा. होडीला तर काटकोन हवा. तो आणावा कोठून?

हा प्रश्न याच नगरीत एकदा मोठ्या गांभीर्याने पुढे आला होता. १८७५ साली येथील संस्कृत पाठशाळेचे अध्यापक थीबो यांनी बौधायनाचे शुल्बसूत्र काशीच्याच ‘पंडित’ या नियतकालिकात प्रसिद्ध करावयास घेतले. पुण्यास जन्मलेले आपले बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) तेव्हा त्याच पाठशाळेत गणित शिकवीत होते. ज्या मानमंदिराच्या सावलीत आम्ही बसलो होतो, तेथील वेधयंत्रांचे वर्णनही त्यांनी लिहिले आहे.

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखणाऱ्याजवळ गुण्या नसे. पूर्वपश्चिम रेषेवर दोन खुंट्या ठोकावयाच्या, दोरीची टोके त्यांना अडकवावयाची, मध्य धरून ती एकदा दक्षिणेस व एकदा उत्तरेस ताणावयाची. ते दोन बिंदू जोडले की पहिल्या रेषेशी काटकोन झाला. ही कात्यायनाची रीत. आता दोरीचा मध्य काढावयाचा तर ती दुमडण्याहून सोपा उपाय कोणता? म्हणजे येथेही घडी आलीच!

कागदाचे याहून सोपे. वेडावाकडा तुकडा घ्यावा व कोठेही दुमडून दाबावा; सरळ रेषा मिळते. मग ती रेषा तिच्याच अंगावर पडेल अशी दुसरी घडी घालावी. कागद उलगडला की एका बिंदूभोवती चार कोन दिसतात. ते एकमेकांवर तंतोतंत बसले होते, म्हणून सारखे. चार मिळून एक पूर्ण फेरा, म्हणून प्रत्येक काटकोन. पट्टी नको, कर्कटक नको.

एवढ्याच भांडवलावर मद्रास इलाख्यातील टी. सुंदरराव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. सूचना मिळाली ती बालोद्यानातील मुलांच्या खेळातून. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला आणि १९०१ साली ते शिकागोहून पुन्हा निघाले. गृहस्थ होते मात्र महसूल खात्यातले! दिवसभर सरकारी कागद दुमडणाऱ्या आपणां मंडळींस हे वाचून थोडा संकोच व्हावा, निदान आम्हांस झाला.

पुढे १९३६ साली मार्गेरिता बेलोक या इटालियन विदुषीने त्याहून मोठे नवल दाखविले. एकाच घडीत दोन बिंदू दोन रेषांवर आणता येतात, आणि त्यायोगे घनसमीकरण सुटते. कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणे पट्टी-कर्कटकास अशक्य, ते घडीस शक्य झाले.

आमच्या शिष्यास या सर्वांशी कर्तव्य नव्हते. चार कोन मोजून पाहताच त्याने कागद ओढून घेतला, उरलेल्या घड्या स्वतःच घातल्या आणि होडी गंगेत सोडली. ती डावीकडे कलत होती. दुसरी घडी आम्ही घाईने दाबली होती.