न झालेले अपील

‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध पंडित’ हा अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाचा १९२६चा निकाल अगदी थोडक्या पानांचा आहे. प्रतिवादी सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १९०६ साली अमेरिकेत आगमन, पुढे कॅलिफोर्नियात वकिली. बारा वर्षांपूर्वी त्यांना दिलेले नागरिकत्व रद्द करा, अशी सरकारची मागणी होती. ती फेटाळली गेली. का फेटाळली गेली हे कळण्यासाठी आधीची कागदपत्रे क्रमाने लावावी लागतात.

पहिला कागद १७९०चा कायदा. परदेशात जन्मलेल्या माणसाला नागरिक व्हायचे असेल तर तो ‘स्वतंत्र गोरा’ हवा, एवढीच वंशाची अट. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेला माणूस गोरा की नाही, हे कायद्याने सांगितलेच नाही, त्यामुळे ते काम एकेका न्यायाधीशाच्या अंगावर पडले. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या न्यायाधीश लाकोंब यांनी १९०९ साली नागरिकत्व दिले ते बिचकतच. प्रश्न वरच्या न्यायालयात जावा, असे त्यांनी स्वतःच सुचवले. १९१०च्या अपिलात बलसारा गोरे ठरले. त्या निकालात मुंबईच्या पारशांना हिंदूंपासून तितकेच वेगळे मानले आहे, जितके हिंदुस्थानात राहणारे इंग्रज! तीनच वर्षांनी स्पोकेनच्या न्यायालयाने अक्षयकुमार मजुमदार या बंगाली हिंदूलाही गोरा ठरवले.

पंडितांचा अर्ज लॉस एंजेलिसच्या न्यायालयासमोर आला १९१४ साली. सरकारचा अधिकारी सुनावणीला हजर होता आणि हा अर्जदार गोरा नाही, हीच हरकत त्याने घेतली. न्यायाधीशांनी ती ऐकून घेऊन पंडितांच्या बाजूने हुकूम दिला. सरकारने अपील केले नाही. पुढचे सगळे या न केलेल्या अपिलावर उभे आहे.

मधल्या काळात पंडितांना वकिलीची सनद मिळाली आणि १९२० साली लिलियन स्ट्रिंगर या गोऱ्या अमेरिकन बाईंशी त्यांचे लग्न झाले. भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाचा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा त्यांच्या बाजूच्या वकिलांत पंडितही होते. थिंद अमृतसर भागातले शीख, १९१८ साली अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या वतीने झालेला युक्तिवाद आज वाचताना अवघडायला होते. वंशाची अटच अन्याय्य आहे, असे तो म्हणत नाही. उच्चवर्णीय हिंदुस्थानी आर्य आहेत, जातीच्या बंधनांनी त्यांनी रक्त शुद्ध राखले आहे, म्हणून आम्हाला गोऱ्यांत घ्या, असा त्याचा सूर आहे. कायद्याच्या चौकटीत दुसरी वाट अरुंद होती हे खरे. तरी पंजाबातल्या एका शिखासाठी वर्णश्रेष्ठत्वाचा दाखला द्यावा लागला, ही नोंद झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तो युक्तिवाद चाललाही नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नकार देताना न्यायमूर्ती सदरलंड यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन असे म्हटले होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी थिंद यांच्या निकालात त्याच सदरलंड यांनी शास्त्रज्ञांची वर्गवारी बाजूला सारली आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा दंडक लावला. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मले होते. त्यांच्या गोरेपणाबद्दल सामान्य माणसाला विचारण्याची वेळ कुणावर आली नसावी.

यानंतर सरकारने १९०६च्या कायद्याचे पंधरावे कलम बाहेर काढले. ‘बेकायदा मिळवलेला’ नागरिकत्वाचा दाखला त्या कलमाने रद्द करता येत असे. तर्क असा: हिंदुस्थानी गोरे नाहीत, म्हणजे कधीच नव्हते, म्हणजे त्यांचे दाखले पहिल्या दिवसापासून बेकायदा. मजुमदारांचा दाखला गेला. पंडितांवरही दावा झाला, आणि त्यांच्याबाबत तीन कायदे एकमेकांत अडकलेले होते. दाखला गेला की वकिली धोक्यात. कॅलिफोर्नियाच्या १९१३च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्वास अपात्र माणसाला शेतजमीन बाळगता येत नसे. शिवाय १९०७च्या कायद्याने परक्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वच जाई. १९२२च्या केबल कायद्याने ते सैल केले, पण अपात्र परक्यांच्या बायकांना वगळून. म्हणजे नवऱ्याचा दाखला रद्द झाला असता तर अमेरिकेत जन्मलेल्या लिलियनही परक्या ठरल्या असत्या.

पंडितांनी या नुकसानीची बाजू मांडली आणि खालच्या न्यायालयात जिंकले. अपील न्यायालयाने मात्र भर दिला रेस ज्युडिकेटा या तत्त्वावर. हाच मुद्दा १९१४ साली दोन्ही पक्षांसमोर लढवला गेला होता, सरकार हरले होते, अपील केले नव्हते. आता तो पुन्हा उकरता येणार नाही. पंडित गोरे आहेत असे या निकालात कुठेही म्हटलेले नाही. १९१४चा हुकूम चुकीचा असला तरी बंधनकारक, एवढेच. मार्च १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घेतला नाही आणि सरकारने असे उरलेले दावे सोडून द्यायला सुरुवात केली. जनरल इलेक्ट्रिकमधले शंकर लक्ष्मण गोखले १९२८ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात हरले, पण तो निकालही सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

पेशावरचे वैष्णोदास बगाई यांना पंडितांच्या निकालाचा उपयोग झाला नाही, कारण त्यांचा दाखला आधीच रद्द झाला होता. हिंदुस्थानात जायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेले पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आले.

थिंद यांना १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा नागरिकत्व मिळाले, तेही पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ साली केलेल्या खास कायद्याने. बाकीच्या हिंदुस्थानी लोकांना २ जुलै १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्याने नागरिकत्वाचा मार्ग उघडला आणि हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० जणांची मर्यादा घातली.