अबोलांची जपानी : परीक्षा सुटते, संभाषण अडते

जपानी भाषेची सर्वाधिक परिचित असलेली 'जेएलपीटी' परीक्षा तोंडातून एक शब्दही न काढता उत्तीर्ण होता येते. १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या आणि २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच स्तरांत विभागलेल्या या परीक्षेत शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन व श्रवण यांची चाचणी होते. तोंडी परीक्षा नसते. जपानने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसासाठी बहुतेक क्षेत्रांत एन-४ किंवा 'जेएफटी-बेसिक' ही संगणकावरील परीक्षा पुरते. तिच्यातही बोलावे लागत नाही. अबोल विद्यार्थ्याला ही सोय वाटते. पण नोकरीच्या मुलाखतीत ती महागात पडते.

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी हा धोका अधिक आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांसारख्या जपानी शिकवणाऱ्या संस्था पुण्यात आहेत. घरी राहून शिकायचे तर ऑनलाइन वर्गाचाच आधार, आणि तेथे माइक बंद ठेवून गप्प बसणे सोपे असते. शेजारच्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी इंटरनेटच्या साह्याने जपानी शिकून दाखवली आहे. म्हणजे अंतराचा अडसर दूर होऊ शकतो; संकोचाचा अडसर सरावानेच दूर करावा लागतो.

मराठीची शिदोरी

मराठी भाषकाला या सरावात मोठी मदत मिळते. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते. 'मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'पाणी पितो'. शब्दानंतर प्रत्यय लावण्याची पद्धतही ओळखीची आहे. 'त्सुनामी'तील पहिला उच्चार 'चूल'मधील 'चू'च्या अगदी जवळचा आहे. मात्र, स्वरांची लांबी सांभाळावी लागते : 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, तर 'ओबाऽसान' म्हणजे आजी.

हुंकारापासून सुरुवात

जपानी संभाषणात ऐकणाऱ्याने 'हाइ', 'सो देसु का' असे अधूनमधून म्हणणे अपेक्षित असते. याला 'आइझुची' म्हणतात. गोष्ट ऐकताना आपण देतो तसाच हा हुंकार. लक्षपूर्वक ऐकणाऱ्या मितभाषी व्यक्तीला बोलण्यात शिरण्याची ही सोपी वाट आहे.

दुसरी पायरी अनुकरणाची. ध्वनिफीत ऐकत, वक्त्याच्या पाठोपाठ तेच वाक्य मोठ्याने म्हणावे. त्यासाठी समोर कोणी असण्याची गरज नसते. जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह विनामूल्य उपलब्ध आहे.

तिसरी पायरी स्वपरिचयाची. 'हाजिमेमाश्ते'ने आरंभ, मग नाव व गाव, आणि 'योरोशिकु ओनेगाइ शिमासु'ने समारोप, असा त्याचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. तो पाठ झाला की अनोळखी माणसापुढे काय बोलावे, हा प्रश्न निदान पहिल्या मिनिटापुरता मिटतो.

यानंतर मात्र दुसरा माणूस हवाच. एकाच सोबत्याशी आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे बोलले तरी चालेल. परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये होतात. सोबती शोधण्याचे काम अर्ज भरण्याआधीच करावे.