गिरणगावातील रात्रशाळा आणि यंत्राधारित अध्यापन

प्रत्येक विद्यार्थ्याची गती आणि पूर्वतयारी पाहून शिकवणे संगणकामुळेच शक्य झाले, असा एक समज आज रूढ आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवणारा आणि मोडी लिहिणारा मुलगा एकाच ओसरीवर बसत. दोघांचा धडा निराळा असे. अर्थात ती ओसरी सर्वांना खुली नव्हती. दिवसभर राबणाऱ्यांसाठी जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली, तेव्हा शिकणाऱ्याच्या सवडीनुसार शाळेची वेळ ठरवण्याचे तत्त्वच प्रस्थापित झाले.

घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावात या तत्त्वाची खरी कसोटी लागली. पाळी बदलली की कामगाराची शिकण्याची वेळही बदले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा व फिरती ग्रंथालये चालवली, मॅजिक लँटर्नच्या साह्याने व्याख्याने दिली. ते त्या काळाचे तंत्रज्ञान. पडद्यावरील चित्र सर्वांना सारखेच दिसे. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या श्रोत्याच्या अनुभवाशी ते जोडण्याचे काम व्याख्यात्याचेच होते.

याच परिसराने नारायण सुर्वे घडवले. गिरणीकामगाराच्या घरी वाढलेले सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. शिकणाऱ्याचे जगणे हाच त्याचा पहिला पाठ असतो, हे त्या नावातच सूचित आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले ते मुख्यतः क्यूआर कोडमुळे, असे सांगितले जाते. परंतु त्यांनी पाठ्यपुस्तकांचा मजकूर मुलांच्या मातृभाषेतही आणला होता, ही बाब सहसा मागे पडते. मुलांची अडचण शिक्षकाने ओळखली. कोड हे त्यावरील उपायाचे साधन ठरले.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणीकामगारांच्या घरांच्या इमारती उभ्या आहेत. तेथील मुलाच्या हाती मोबाइल आहे. त्याचे उत्तर कितव्यांदा चुकले, याची अचूक नोंद यंत्र ठेवील आणि न कंटाळता तोच पाठ पुन्हा देईल. ही मदत नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते उत्तर न समजल्यामुळे चुकले, की रात्री काम करून डोळा लागल्यामुळे, हे त्याला जवळ बसवून विचारावे लागते. यंत्राने वाचवलेला वेळ या विचारपूस करण्यासाठी शिक्षकाला मिळणार आहे, की शिक्षकाचे पदच त्या हिशेबात वजा होणार आहे, यावर या समतोलाचे भवितव्य अवलंबून राहील.