'हायपो' आणि 'हायपर' : एका अक्षराचे अंतर

बडोद्याच्या दक्षिण भागातील मांजलपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती वैद्यकीय अहवाल येतो तो बहुधा इंग्रजीत. त्याविषयी बोलणे होते गुजरातीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो समजावून सांगायचा असतो मराठीत. या प्रवासात 'हायपोग्लायसेमिया' आणि 'हायपरग्लायसेमिया' यांची अदलाबदल होणे अवघड नाही. पहिल्या अवस्थेत रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरलेली असते आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास त्याला तत्काळ साखर द्यावी लागते. दुसऱ्या अवस्थेत ती आधीच वाढलेली असते. तिथे तीच साखर अपाय करते.

इंग्रजीत या दोन्ही शब्दांचा मुख्य आघात 'सी'वर पडतो (हायपोग्लायसीमिया) आणि भेद दाखवणारे अक्षर नेमके दुबळे राहते. ब्रिटिश उच्चारात तर 'हायपर'मधील 'र' व्यंजनापूर्वी लोपतो. मराठीत मात्र प्रत्येक अक्षराला त्याचे माप मिळते. त्यामुळे 'हाय-पो' आणि 'हाय-पर' असे सावकाश, सुटे म्हणणे हा अडाणीपणा नव्हे. रुग्णाच्या दृष्टीने तोच अधिक सुरक्षित उच्चार होय.

स्मरणासाठी संस्कृतचा आधार हाताशी आहे. ग्रीक 'हुपो' हा 'उप'चा आणि 'हुपेर' हा 'उपरि'चा सगोत्र शब्द. पुढच्या भागात 'ग्लुकुस' म्हणजे गोड आणि 'हाइमा' म्हणजे रक्त. अर्थाने फोड 'ग्लायस्-एमिया' अशी होते, पण तोंडात 'स' पुढील स्वराला जाऊन मिळतो. त्याच मुळातील 'क' 'ग्लायकोजेन'मध्ये शाबूत आहे.

अर्थाची फोड आणि उच्चाराची फोड अशी वारंवार वेगळी पडते. 'हेपॅटोस्प्लीनोमेगॅली' ही संज्ञा अर्थाने हेपॅटो-स्प्लीनो-मेगॅली अशी त्रिपदी आहे. मराठी जीभ मात्र ती हे-पॅ-टोस्-प्ली-नो-मे-गॅ-ली अशी तोडते, कारण जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागील अक्षरावर भार टाकते. जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर गुरू मानणाऱ्या छंदःशास्त्राला हे फार पूर्वीच ठाऊक होते. गंमत अशी की या शब्दाचे तिन्ही घटक आपल्या यकृत, प्लीहा आणि महत् यांचेच दूरचे भाऊबंद आहेत. अर्थ इतकाच, की यकृत व प्लीहा दोन्ही वाढल्या आहेत.