वस्ताद ते क्रीडा संचालक : वऱ्हाडातील प्रशिक्षकाचा पेशा

धनज हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, पण महाविद्यालये अमरावती विद्यापीठाकडेच राहिली. त्यामुळे या भागातील मुलगा कबड्डीच्या किंवा व्हॉलीबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो तो अमरावतीच्या छत्राखाली. त्याला तयार करणाऱ्या शिक्षकाचे कागदोपत्री पदनाम ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असे आहे. या पदाचा इतिहासही बराचसा अमरावतीतच घडला.

पदवी आणि पगार येण्याआधी हे काम आखाड्यातला वस्ताद करीत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांचे नाव मल्लखांबाच्या परंपरेत आजही आदराने घेतले जाते. वस्तादाची विद्या हाताखालच्या पठ्ठ्याकडे जाई, पुस्तकात उतरत नसे. मल्लखांबाचा खांब सागवानी किंवा शिसवी. बुंध्याला जाड, वर निमुळता होत गेलेला, शेवटी मान आणि बोंड. त्याला एरंडेल चोळलेले असते, म्हणजे अंग घसरते पण सोलवटत नाही. पकड कुठे ढिली करायची आणि मांडीने खांब कधी आवळायचा, हे वस्ताद शेजारी उभा राहून दाखवीत असे. ही पद्धत उत्तम होती, पण तिचा आवाका एका तालमीपुरता होता. शंभर शाळांना शंभर शिक्षक पुरवणे तिला शक्य नव्हते.

ही मर्यादा ओळखून काम उभे केले ते अमरावतीच्या वैद्य बंधूंनी. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य यांनी 1914 साली हनुमान आखाडा सुरू केला, आणि त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आकाराला आले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम हे सारे तिथे होतेच. पण मंडळाचे खरे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. खेळाडू घडवण्याच्या जोडीने खेळ शिकवणारा माणूस घडवण्याचे काम मंडळाने अंगावर घेतले. त्यासाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. शाळांना सुट्ट्या असताना बाहेरगावचे तरुण अमरावतीला येत, शिकत आणि परत जाऊन आपल्या गावी शिकवत. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू हेही व्यायामाचे शिक्षण घेण्यासाठी अमरावतीच्या या आखाड्यात आले होते. त्या काळात व्यायाम आणि स्वातंत्र्याची ओढ या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नव्हत्या.

1936 साली मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेला आणि कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने तिथे दाखवली. 1949 मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या जागतिक व्यायाम महोत्सवातही मंडळाचे पथक होते. वऱ्हाडातील एका आखाड्याने कबड्डी युरोपला दाखवली, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी.

याच सुमारास देशात दुसरा प्रवाह वाहत होता, आणि त्याचा उगम अमेरिकेत होता. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत 1890 च्या आसपास आमोस आलोन्झो स्टॅग हे अमेरिकन फुटबॉलचा संघ सांभाळत. त्याच शाळेत 1891 च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला. स्टॅग 1892 साली शिकागो विद्यापीठात गेले. तिथे त्यांना नुसता संघाचा प्रशिक्षक न ठेवता प्राध्यापकवर्गात कायम जागा दिली गेली. अमेरिकेत ही नवी गोष्ट होती. वयाच्या सत्तरीत विद्यापीठाने निवृत्त केले, तेव्हा स्टॅग दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन पुन्हा संघ घडवू लागले. 1965 साली त्यांचे निधन झाले तेव्हा वय होते 102 वर्षे.

स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे व्यवस्थापकही तेच होते. मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था 1938 ची. मैदानी खेळ, शरीरशास्त्र, पाठ घेण्याची पद्धत हे सारे अशा संस्थांतून अभ्यासक्रमात आले. अमरावतीने त्यातले घ्यायचे ते घेतले, पण आखाड्याची माती सोडली नाही.

स्वातंत्र्यानंतरची पावले भराभर पडली. 1957 मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई महाविद्यालय आणि 1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. अमरावतीत मंडळाचे पदवी महाविद्यालय झाले, 1983 मध्ये विद्यापीठ आले. 1985 साली पहिले द्रोणाचार्य पुरस्कार दिले गेले तेव्हा तीन मानकऱ्यांत महाराष्ट्राचे कुस्ती प्रशिक्षक भालचंद्र भागवत होते. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली.

अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांतला फुटबॉल प्रशिक्षक पुढे प्राध्यापकवर्गापासून दूर गेला. त्याची नोकरी मोसमाच्या जय-पराजयावर टांगलेली असते. वऱ्हाडात उलटे घडले. इथला वस्ताद महाविद्यालयात येऊन प्राध्यापकांच्या पंक्तीला बसला. संघ हरला म्हणून त्याची जागा जात नाही, ही चांगली गोष्ट आहे. मात्र धावणे, कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ अशा सगळ्या खेळांचा भार एकट्या माणसावर पडतो, आणि एका खेळात खोल जायला त्याला उसंत उरत नाही. लहान गावांतील महाविद्यालयांत हे जास्त जाणवते.

शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांत शारीरिक चाचणीही होती : तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत 1800 मीटर आणि महिला उमेदवाराने आठ मिनिटांत 1000 मीटर धावून दाखवायचे.