मालवाहू नद्यांच्या अभ्यासाकडे

रस्त्यावरचा माल नदीने नेला तर पर्यावरणाला काय लाभते आणि काय गमवावे लागते, हा प्रश्न प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. मराठी वाचकाला मात्र तो परका नाही. गोव्याच्या खाणींतले लोहखनिज मांडवी आणि जुवारीतून बार्जने मुरगाव बंदराकडे जाऊ लागले, त्याला अनेक दशके लोटली. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीचे मुख धोक्याचे झाले, की बार्ज कुंभारजुवे कालव्याने जुवारीत उतरत. 2016 च्या कायद्यातील 111 राष्ट्रीय जलमार्गांत या दोन्ही नद्या आणि तो कालवाही आहे. देशभर आज ज्याची चर्चा चालते, त्याचा इतका जुना अनुभव आपल्या शेजारी आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

सुरुवात इंधनापासून करणे सोयीचे. एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने सुमारे 24 किलोमीटर, रेल्वेने 85 आणि पाण्यावरून 105 किलोमीटर जातो, असा सरकारी हिशेब सांगितला जातो. वाचकांनी या आकड्यापाशी थांबू नये. तो पाण्यावरच्या अंतरापुरता आहे. गोव्यात खाणीपासून धक्क्यापर्यंतचा टप्पा ट्रकचाच होता, आणि सावर्डे-कुडचडे भागातील रस्त्याकडेच्या घरांनी त्याची लाल धूळ सोसली. तेव्हा माल उचलला तिथपासून तो उतरला तिथपर्यंतचा सारा प्रवास तुम्ही एकत्र मोजा.

मग नदीकडे वळा. भरलेली बार्ज गेली की तिच्या लाटा खाजन शेतीच्या बांधांवर आदळतात. बांध खचून फुटला, की भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरते. धक्क्यावर सांडलेले खनिज पाण्यात जाऊन तळाशी बसते. इंधनाच्या हिशेबात यातले काहीच दिसत नाही. म्हणून बांध राखणारा शेतकरी आणि शिंपल्या काढणाऱ्या बाया यांना आम्ही या विषयातील जाणकार मानतो.

गंगेवर प्रश्नाचे रूप बदलते. प्रयागराज ते हल्दिया हा 1,620 किलोमीटरचा मार्ग 1986 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग झाला. कोरड्या दिवसांत पाणी उथळ होते आणि जहाजांसाठी गाळ उपसावा लागतो. तिथला डॉल्फिन जवळजवळ आंधळा. वाट आणि भक्ष्य तो ध्वनीच्या आधारे शोधतो. इंजिनांचा आवाज त्याच्या या एकमेव आधारावर आघात करतो, आणि भागलपूरजवळचे विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य नेमके याच मार्गावर आहे. तिथे जहाजांचा वेग किती असावा, उपसा कोणत्या महिन्यांत टाळावा, हे प्रश्न मालाच्या टनांइतकेच महत्त्वाचे आहेत.

नव्या वाचकांनी शक्य असल्यास जवळची एखादी खाडी निवडावी. भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात, धक्क्यावर माल कुठून येतो ते विचारावे, काठचे बांध पायी फिरून पाहावेत. पुढची आकडेमोड त्यानंतर सोपी जाईल.