भिंत पुन्हा आपल्या हाती

आज आम्ही बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. तिचं नाव गुट्टी. भिंतीत भोक पाडून जी बसवतात आणि मग तिच्यात स्क्रू पिळतात, तीच.

आपल्या आज्यांची घरं कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यांवर शेणमाती लिंपायची. लिंपणं, सारवणं, भेग बुजवणं हे सगळं बायकांकडेच. शिंकं वाशाला टांगायचं, खुंटी लाकडी मेढीत ठोकायची. भार लाकडावर असायचा.

मग उरणात ओएनजीसी आली. १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. जमिनी गेल्या, मोबदला आला, स्लॅबची घरं उभी राहिली. भिंत पक्की झाली, पण आपल्या हातून गेली. साधी फळी लावायची तरी मिस्त्रीची वाट पाहायची. आपण खिळा ठोकला की तो वाकतो, नाहीतर गिलावा निघून येतो.

असं का होतं? लाकूड दबतं आणि स्क्रूचे आटे धरून ठेवतं. वीट आणि काँक्रीट दबत नाही, तिचा भुगा होतो. म्हणून पूर्वी गवंडी छिन्नीने भिंत फोडून लाकडाची गुट्टी बसवत आणि स्क्रू त्या लाकडात पिळत. त्यात भिंत बरीच फुटायची. १९१०च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची होती, पण भिंती खराब करून चालणार नव्हतं. जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने तागाच्या धाग्यांची छोटी नळी केली. ती लहान भोकात घालून स्क्रू पिळला की नळी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून धरते. इलेक्ट्रिशियन आजही ‘रॉल प्लग’ म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गुट्टी काढली.

लाकडाऐवजी नायलॉन का, हे उरणकरणींना वेगळं सांगायला नको. बंदरासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा हनुमान कोळीवाड्यात वसवला, तिथल्या घरांना वाळवी लागली. पुन्हा पुनर्वसन व्हावं म्हणून ते गाव वर्षानुवर्षं झगडलं. लाकडाची गुट्टीही वाळवी आतून पोखरते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस भांड्यांची फळी खाली येते. खाली एखादं लेकरूही बसलेलं असू शकतं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. ८ मिलिमीटरची गुट्टी असेल तर ८ मिलिमीटरचंच बिट घ्या. भोक गिलाव्याच्या पुढे, विटेत गेलं पाहिजे. दोन विटांच्या सांध्यात नको. आतली भुकटी काढून टाका, नाहीतर गुट्टी धरत नाही. बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आत वायर असते. आपल्याकडची हवा खारी आहे, साधा स्क्रू गंजतो, तेव्हा स्टेनलेस स्टीलचा मागा. आणि छताचा पंखा गुट्टीवर कधीच टांगू नका, त्याला स्लॅबमधला हूकच हवा.

पुढच्या बैठकीला कुणाकडचं तरी ड्रिल मशीन आणा आणि एका जुन्या विटेवर प्रत्येकीने एक भोक पाडून पाहा. कुडाची भिंत आपल्या आज्यांना कळत होती. ही सिमेंटची आपल्याला कळायला काय हरकत आहे?